नावेची आणि नावाची राखण

मराठी भाषेत 'नाव' हा एकच शब्द दोन वस्तूंसाठी वापरला जातो. पाण्यावर तरते तीही नाव आणि लोक माणसाला ज्याने ओळखतात तेही नाव. या दोहोंत एक साम्य आहे. दोन्ही घडावयास दीर्घ काळ लागतो आणि दोन्ही बुडावयास एक लहानसे छिद्र पुरते. वल्ह्याच्या शर्यतीत उतरणाऱ्या खेळाडूला ही दोन्ही एकाच वेळी सांभाळावी लागतात. नाव कशी हाकावी हे प्रशिक्षक शिकवतो. ती फुटली तर कारागीर ती दुरुस्तही करून देतो. परंतु दुसऱ्या नावाची राखण ज्याची त्यालाच करावी लागते.

वल्ह्याच्या शर्यतींत दोन प्रकारच्या नावा प्रसिद्ध आहेत. एक कयाक आणि दुसरी कॅनो. कयाक ही मूळची उत्तर ध्रुवाकडील बर्फाळ प्रदेशातील लोकांची. सीलच्या कातड्याने मढवलेल्या या निमुळत्या होडीतून ते शिकारीला जात. कॅनो ही उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवाशांची. बर्च झाडाच्या सालीपासून केलेली ही हलकी नाव ते नद्यांतून आणि सरोवरांतून चालवीत. कयाकमध्ये खेळाडू पाय पुढे पसरून बसतो आणि त्याच्या वल्ह्याला दोन्ही टोकांना पाते असते. शर्यतीच्या कॅनोमध्ये तो एक गुडघा टेकून बसतो, वल्ह्याला एकच पाते असते आणि ते नावेच्या एकाच बाजूला चालवावयाचे असते. एकाच बाजूला वल्हवूनही नाव सरळ रेषेत न्यावयाची, यात केवढे कौशल्य आहे याची कल्पना प्रत्यक्ष पाण्यात उतरल्याशिवाय येत नाही. 1936 साली बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये या शर्यतींना पदकांचे स्थान मिळाले.

कॅनडा देशाच्या क्वेबेक प्रांतात त्रवा-रिव्हिएर नावाचे एक शहर आहे. सेंट मॉरिस नदी तेथे सेंट लॉरेन्स या महानदीला मिळते. लॉरेन्स व्हिन्सेंट लापॉइंट ही मुलगी या शहरातली. कॅनो हा तिचा खेळ. 2010 साली जागतिक स्पर्धेत स्त्रियांसाठी 200 मीटर कॅनोची शर्यत ठेवण्यात आली, तेव्हा वयाच्या अठराव्या वर्षी ती जगज्जेती ठरली. त्यानंतरही तिने ते अजिंक्यपद पुनःपुन्हा मिळवले. तथापि एक उणीव राहिलीच होती. ऑलिंपिकमध्ये पुरुषांना कॅनोच्या शर्यती होत्या, स्त्रियांना मात्र एकही नव्हती. जगात अव्वल असूनही तिला लंडनच्या किंवा रिओच्या ऑलिंपिकमध्ये वल्हे उचलता आले नाही. पुढे 2017 मध्ये स्त्रियांच्या कॅनोला टोकियो ऑलिंपिकमध्ये स्थान देण्याचे ठरले. इतक्या वर्षांनी दार उघडत होते आणि लॉरेन्स उंबरठ्यावर उभी होती.

अशा वेळी 2019 च्या जुलै महिन्यात तिची चाचणी घेण्यात आली. ऑगस्टमध्ये निकाल आला. तिच्या शरीरात 'लिगॅन्ड्रॉल' नावाच्या द्रव्याचा अत्यल्प अंश सापडला होता. स्नायू क्षीण होण्याच्या विकारावर उपाय शोधताना शास्त्रज्ञांनी हे द्रव्य तयार केले. ते स्नायू वाढवते, आणि म्हणूनच खेळाडूंना ते निषिद्ध आहे. चौकशी पूर्ण होईपर्यंत लॉरेन्सला खेळातून दूर करण्यात आले. त्याच महिन्यात हंगेरीतील सेगेड येथे जागतिक स्पर्धा होती. ऑलिंपिकचे प्रवेश बव्हंशी तेथेच ठरावयाचे होते. ती स्पर्धा तिच्यावाचून पार पडली आणि तिचे 200 मीटरचे अजिंक्यपद अमेरिकेच्या नेव्हिन हॅरिसन या सतरा वर्षांच्या मुलीने मिळवले.

लॉरेन्सचे सांगणे एवढेच होते, की आपण जाणूनबुजून काहीही घेतलेले नाही. मनुष्य निरपराध असू शकतो हे सर्वांना मान्य असते. मग तिचे म्हणणे ऐकताक्षणी तिला पुन्हा पाण्यात का उतरू दिले नाही, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. त्याचे उत्तर खेळाच्या एका कठोर नियमात आहे. खेळाडूच्या शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी त्या खेळाडूचीच, असा तो नियम आहे. ते द्रव्य कोणी दिले, का दिले, त्याला ठाऊक होते की नव्हते, हे प्रश्न नंतरचे.

प्रथमदर्शनी हा नियम निर्दय वाटतो. परंतु बाजारातील वाण्याच्या तराजूचा विचार करावा. तराजू खोटा निघाला आणि वाणी म्हणाला, "मला हे ठाऊक नव्हते," तर ते खरेही असू शकेल. त्याने मुद्दाम कोणाला फसवले नसेल. परंतु गिऱ्हाइकाच्या पिशवीत धान्य कमी पडले ते पडलेच. म्हणून तराजू खरा आहे की नाही हे पाहण्याचे काम वाण्याचे आहे, गिऱ्हाइकाचे नव्हे. खेळाडूचे शरीर हाच त्याचा तराजू असतो. शर्यतीत शेजारच्या रांगेत वल्हे मारणाऱ्याला त्या तराजूवर विश्वास ठेवूनच खेळावे लागते. "मला ठाऊक नव्हते" एवढे म्हणून जर सुटका होत असती, तर जाणूनबुजून लबाडी करणाऱ्यानेही तेच शब्द उच्चारले असते आणि प्रामाणिक खेळाडूला न्याय मिळण्याचा मार्गच उरला नसता.

हा शेजारच्या रांगेतला खेळाडू सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. 2016 साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या 1000 मीटर कॅनोच्या शर्यतीत मोल्दोव्हा देशाचा सेर्गेई तार्नोव्स्की तिसरा आला. परंतु स्पर्धेपूर्वी घेतलेल्या त्याच्या नमुन्यात निषिद्ध द्रव्य सापडले. त्याचे कांस्यपदक काढून घेण्यात आले आणि त्याच्यावर चार वर्षांची बंदी आली. ते पदक चौथ्या आलेल्या रशियाच्या इल्या श्तोकालोव्ह याच्याकडे गेले. पदक गेले हे खरे; परंतु शर्यतीच्या दिवशी विजयमंचावर चढण्याचा, हजारो लोकांसमोर आपल्या देशाचा ध्वज वर जाताना पाहण्याचा तो क्षण काही त्याला देता आला नाही. पदक परत करता येते, दिवस परत करता येत नाही. उत्तेजक द्रव्यांविरुद्धचे सारे नियम या चौथ्या आलेल्या खेळाडूसाठी आहेत.

या कथेला पुढे आणखी एक वळण आहे. तार्नोव्स्कीने बंदीची वर्षे पुरी केली, तो परत आला आणि टोकियो व पॅरिस या दोन्ही ऑलिंपिकमध्ये त्याच शर्यतीत त्याने कांस्यपदक मिळवले. नियमाने त्याला शिक्षा केली, परंतु परतीची वाट बंद केली नाही. शिक्षेचा हेतू सूड उगवणे हा नसतो, हेही यावरून दिसते.

पूर्वी प्रत्येक खेळाचे आणि प्रत्येक देशाचे याबाबतचे नियम निरनिराळे असत. एका ठिकाणी जे चाले ते दुसऱ्या ठिकाणी गुन्हा ठरे. हा गोंधळ मोडावा म्हणून 1999 साली जागतिक उत्तेजकविरोधी संस्था स्थापन झाली. तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तिला 'वाडा' म्हणतात. तिने तयार केलेली नियमसंहिता 2004 पासून अमलात आली. भारतात हे काम 2005 मध्ये स्थापन झालेली 'नाडा' ही राष्ट्रीय संस्था करते आणि 2022 मध्ये संसदेने त्यासाठी स्वतंत्र कायदाही केला. कॅनडाची नदी असो की भोपाळचा तलाव असो, वल्हे हाती घेणाऱ्याला नियम तेच आहेत.

हे नियम पाळावयाचे म्हणजे खेळाडूने नेमके काय करावयाचे? पहिली गोष्ट म्हणजे निषिद्ध द्रव्यांची यादी जाणून घेणे. ही यादी दर वर्षी नव्याने प्रसिद्ध होते आणि 1 जानेवारीपासून लागू होते. गेल्या वर्षी जे चालले ते यंदा चालेलच असे नाही. दुसरी गोष्ट औषधांची. खेळाडूही माणूसच असतो. त्याला सर्दी होते, ताप येतो, दमा असतो. अशा वेळी आपण खेळाडू आहोत हे त्याने प्रथम डॉक्टरांना सांगावे लागते. एखादे निषिद्ध औषध घेतल्यावाचून गत्यंतरच नसेल, तर त्यासाठी रीतसर अर्ज करून उपचारापुरती सवलत मागता येते. नियम कोणाला आजारी राहावयास सांगत नाहीत. लपवू नका, एवढेच सांगतात.

तिसरी गोष्ट शक्तिवर्धक भुकट्यांची आणि गोळ्यांची. दुकानात त्यांचे डबे रांगेने मांडलेले असतात आणि प्रत्येक डब्यावर बळकट बाहूंचे चित्र असते. परंतु डब्यावर जे छापलेले असते तेवढेच डब्यात असते असे नाही. ज्या कारखान्यात एक भुकटी तयार होते तेथेच दुसरीही होते आणि एकीचे कण दुसरीत मिसळतात. कधी कधी तर लवकर गुण दिसावा म्हणून निषिद्ध द्रव्य मुद्दामच मिसळलेले असते. म्हणून समंजस खेळाडू घरच्या भाकरीवर, डाळीवर, दुधावर आणि फळांवर अधिक विश्वास ठेवतो.

चौथी गोष्ट ठावठिकाण्याची. चाचणी केवळ स्पर्धेच्या दिवशीच घेतली जाते असे नव्हे. निषिद्ध द्रव्य सरावाच्या काळात घेऊन स्पर्धेपूर्वी थांबवणारेही असतात. म्हणून अधिकारी वर्षभरात केव्हाही, आगाऊ सूचना न देता, दारात येऊन उभे राहू शकतात. वरच्या श्रेणीतील खेळाडूंना रोज एक तास ठरवून द्यावा लागतो आणि त्या तासात आपण कोठे सापडू हे आधी कळवावे लागते. बारा महिन्यांत तीन वेळा यात चूक झाली, तर शरीरात काहीही न सापडताही तो नियमभंग ठरतो. वल्हेकऱ्याचे जीवन फिरतीचे असते. आज एका तलावावर शिबिर, उद्या दुसऱ्या नदीवर स्पर्धा. वारा पडला म्हणून सराव पुढे ढकलला, रात्रीची गाडी चुकली, मुक्काम बदलला, की कळवलेला पत्ताही बदलावा लागतो. ही शिस्त वल्हे मारण्याइतकीच कष्टाची आहे.

प्रत्यक्ष चाचणीतही खेळाडूच्या हक्कांची काळजी घेतलेली असते. लघवीचा नमुना देताना पुरुष खेळाडूसमोर पुरुष आणि स्त्री खेळाडूसमोर स्त्री अधिकारी असते. लहान वयाच्या खेळाडूला आपल्याबरोबर एखादे वडीलधारे माणूस नेता येते. नमुना दोन बाटल्यांत विभागून दोन्ही मोहोरबंद करतात. पहिल्या बाटलीत काही सापडले, तर दुसरी बाटली उघडून पुन्हा तपासून घेण्याचा हक्क खेळाडूला असतो. बाटल्यांवर नाव नसते, केवळ क्रमांक असतो; त्यामुळे प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञाला नमुना जगज्जेत्याचा आहे की नवशिक्याचा आहे हे कळत नाही. काही नमुने दहा वर्षांपर्यंत जपून ठेवता येतात. आज जे यंत्राला दिसत नाही ते उद्याच्या यंत्राला दिसू शकते.

कोणी म्हणेल, की एवढा विचार करण्यासाठी प्रशिक्षक आहेत, डॉक्टर आहेत. खेळाडूने केवळ खेळावे. यावर 2000 सालच्या सिडनी ऑलिंपिकमधील घटना बोलकी आहे. रुमानियाच्या आंद्रेया रादुकान या सोळा वर्षांच्या मुलीने जिम्नॅस्टिक्समध्ये सर्वांगीण स्पर्धेचे सुवर्णपदक जिंकले. तिला सर्दी झाली होती आणि संघाच्या डॉक्टरांनी तिला त्यावरची साधी गोळी दिली होती. त्या गोळीत स्यूडोएफेड्रिन हे द्रव्य होते व ते त्या वेळी निषिद्ध होते. तिने लबाडी केली असे कोणीही म्हटले नाही. तरीही तिचे ते सुवर्णपदक गेले आणि क्रीडा लवादाकडे दाद मागूनही परत मिळाले नाही. गोळी डॉक्टरांनी दिली. परंतु पदक डॉक्टरांचे गेले नाही, मुलीचे गेले. दुसऱ्याच्या हातून आलेली वस्तू तोंडात घालण्यापूर्वी "यात काय आहे?" असे विचारणे हा उद्धटपणा नव्हे. ते खेळाडूचे कर्तव्य आहे आणि त्यासाठी वय लहान असून चालत नाही.

लॉरेन्सच्या बाबतीत काय घडले? नियमाने तिच्यावर एक अवघड काम सोपवले होते. हे द्रव्य शरीरात कोठून आले हे तिलाच दाखवून द्यावयाचे होते. इतर खेळाडू नदीवर वल्हे मारीत असता तिला प्रयोगशाळा, वकील आणि कागदपत्रे यांच्या वाटा तुडवाव्या लागल्या. तिने घेतलेल्या वस्तूंत ते द्रव्य सापडेना. अखेरीस केसांची तपासणी उपयोगी पडली. मनुष्य काही द्रव्य सतत घेत असेल, तर त्याची खूण त्याच्या वाढत्या केसांत राहते. लॉरेन्सच्या केसांत तशी खूण नव्हती. ती तिच्या त्या वेळच्या मित्राच्या केसांत सापडली. लिगॅन्ड्रॉल त्याच्या शरीरात होते आणि निकटच्या सहवासात, शरीरातील द्रवांच्या संपर्कातून, त्याचा सूक्ष्म अंश तिच्या शरीरात गेला होता. आंतरराष्ट्रीय कॅनो महासंघाने हा पुरावा मान्य केला आणि 2020 च्या जानेवारी महिन्यात तिला निर्दोष ठरवले.

या निकालात दोन गोष्टी एकत्र दिसतात. नियम कठोर होता, म्हणून जगज्जेतीलाही त्याने वगळले नाही. परंतु नियम बहिरा नव्हता, म्हणून पुरावा पुढे येताच त्याने तो ऐकला. कठोरपणा नसता तर लबाडांचे फावले असते आणि ऐकून घेण्याची सोय नसती तर एका निर्दोष खेळाडूचे आयुष्य वाया गेले असते. न्यायाला या दोहोंची गरज असते. तरीही हिशेब अगदी बरोबर जुळला असे म्हणता येत नाही. ऑगस्टपासून जानेवारीपर्यंतचे महिने आणि सेगेडची स्पर्धा लॉरेन्सला कोणी परत दिली नाही. निर्दोष माणसालाही कधी कधी नियमाचे मोल द्यावे लागते, ही गोष्ट दुःखाची आहे; आणि म्हणूनच नियम चालवणाऱ्यांनी चौकशी त्वरेने व सहानुभूतीने करावी, हे त्यांचे कर्तव्य ठरते. जबाबदारी एकट्या खेळाडूची नसते. त्याच्या भोवतालचे मित्र, आप्त, डॉक्टर आणि प्रशिक्षक यांच्या हातीही त्याच्या नावाचा काही भाग असतो.

करोनाच्या साथीमुळे टोकियोचे ऑलिंपिक एक वर्ष पुढे गेले आणि 2021 मध्ये भरले. 5 ऑगस्ट रोजी स्त्रियांच्या 200 मीटर कॅनोची अंतिम शर्यत झाली. एका मिनिटाच्या आत संपणारी ही शर्यत. परंतु लॉरेन्सने तिची कित्येक वर्षे वाट पाहिली होती. अमेरिकेची नेव्हिन हॅरिसन पहिली आली आणि लॉरेन्स दुसरी. दोनच दिवसांनी केटी व्हिन्सेंट या सहकारिणीसह तिने 500 मीटरच्या जोडशर्यतीत कांस्यपदक मिळवले. सुवर्ण मिळाले नाही, म्हणून तिची कथा अपुरी राहिली असे कोणी समजू नये. ज्या पाण्यात उतरण्याचा अधिकारच तिच्या हातून जात होता, त्या पाण्यात ती निष्कलंक नावाने उतरली आणि तिच्या पुढे गेलेल्या मुलीलाही, आपण खऱ्या प्रतिस्पर्ध्याला हरवले, हे समाधान मिळाले.

भारतातही आता या खेळाला चांगले दिवस येत आहेत. 2023 मध्ये चीनमधील हांगझोऊ येथे आशियाई स्पर्धा झाल्या. तेथे अर्जुन सिंग आणि सुनील सिंग सलाम यांनी 1000 मीटर कॅनोच्या जोडशर्यतीत कांस्यपदक मिळवले. त्याच शहरात त्याच वर्षी झालेल्या अपंगांच्या आशियाई स्पर्धेत प्राची यादव हिने कयाकच्या शर्यतीत सुवर्णपदक जिंकले. अशा यशाकडे पाहून उद्या आणखी मुले-मुली वल्हे हाती घेतील. त्यांना कोणी लवकर शक्ती येण्याची गोळी देऊ करील, कोणी "सगळेच घेतात" असे सांगेल. त्या क्षणी शेजारी प्रशिक्षक नसेल, अधिकारीही नसेल. "नको" म्हणण्याचे काम त्यांना एकट्यालाच करावे लागेल.

शर्यत संपली की पाण्यावरच्या रेघा मिटून जातात. कोण किती वेगाने गेला याची खूण पाणी ठेवीत नाही. खूण राहते ती माणसांच्या मनात, आणि ती नावावरूनच राहते. नाव कोणत्या लाकडाची किंवा कोणत्या धातूची आहे हे फारसे महत्त्वाचे नाही. ती हाकणाऱ्या बाहूंतले बळ त्याचे स्वतःचे आहे, एवढे जगाला निःशंकपणे म्हणता आले पाहिजे.